बोटाने फिरणारं तपेलं

तुम्हा दोघांना मी वाचनालयाच्या प्रदर्शनाची लिंक पाठवली होती. धाकटीने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, थोरल्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. लिंक कुणीच उघडलेली नाही हे मला माहीत आहे. उघडली असती तर तुम्ही फोन करून आजोबांना छळलं असतं. तेव्हा आता लिहूनच कळवते. लिहिते आहे हे आजोबांना ठाऊक आहे. 'लिही, पण माझी बाजूही लिही,' असं ते म्हणाले. त्यांची बाजू जिथे मला सापडली तिथे लिहिली आहे.

तुमचे बाबा कॉलेजात होते त्या सुमारास आपल्या कर्जतच्या वाचनालयाने जुन्या वस्तूंचं ऐतिहासिक प्रदर्शन भरवलं होतं. नाव भारदस्त होतं, प्रत्यक्षात लोकांनी माळ्यावरून उतरवलेली भांडीकुंडी होती. अडकित्ते, पानाचे डबे, समया, आणि एका डॉक्टरांच्या घरचं दात उपटायचं हत्यार, जे कुणीतरी चकलीच्या सोऱ्याशेजारी मांडलं होतं. या सगळ्याची छापील सूची करायचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीत माझ्याच घरी डब्यांवर लेबलं होती. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, धातू, माप, उपयोग आणि ती कोणाच्या सौजन्याने आली, असं सगळं मी व्यवस्थित लिहिलं. 'हात लावू नये' अशा पाट्याही मीच केल्या, मराठीत आणि इंग्रजीत.

सूचीतला क्रमांक एक म्हणजे आपल्या घरचं तांब्याचं तपेलं. तुम्ही लहानपणी ज्यात बसून होडी होडी खेळायचात तेच. त्याची कथा तुम्हाला पाठ आहे, पण तुमच्या मित्रमंडळींनी हे वाचलंच तर त्यांच्यासाठी सांगते. माथेरानला हवा खायला आलेल्या कुठल्याशा संस्थानिकाचा खटला तुमच्या आजोबांच्या आजोबांनी, म्हणजे आपल्या घरातल्या वकीलसाहेबांनी, जिंकून दिला आणि खूश होऊन त्याने हे तपेलं बक्षीस दिलं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मला ही कथा ऐकवण्यात आली. मी विचारलं, 'संस्थानिकाने वकिलाला एवढं मोठं भांडं का द्यावं? अंगठी का नाही?' सासूबाई हसल्या. तुमचे आजोबा हसले नाहीत. 'कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवतात वाटतं,' असं म्हणाले.

सूचीत मी ही कथा लिहिली आणि शेवटी 'असे सांगतात' हे दोन शब्द जोडले. त्या दोन शब्दांवरून आमच्याकडे जी रणधुमाळी झाली तिचं वर्णन नको. शब्द राहिले.

मागच्या वर्षी वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मनात आलं की ही सूची डिजिटल करावी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बोलताना अजूनही ते अधूनमधून खडू शोधतात. खजिनदारांचं बाजारात किराणा दुकान आहे. डिजिटल म्हणजे पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे, अशी त्यांची समजूत होती, आणि संध्याकाळपर्यंत काम उरकू असं ते म्हणाले.

अध्यक्षांची सून खालापूरला राहते आणि घरी बसूनच कुठल्या तरी कंपनीचं काम करते. तिने ही कल्पना मोडीत काढली.

'बाबा, सूचीचे फोटो कोण बघणार? तुम्हीसुद्धा नाही बघणार. लोकांना हात लावू द्या.'

'कशाला?'

'वस्तूला. पडद्यावर. बोटाने फिरवायची, दोन बोटांनी मोठी करायची, आतून बघायची, उलटी करून बघायची. तिची माहिती काकूंच्या आवाजात ऐकायची. आणि एक लाल बटण ठेवू. ते दाबलं की ज्याला जी आठवण असेल ती त्याने सांगायची.'

'आणि कुणी शिव्या दिल्या तर?' खजिनदारांनी विचारलं.

'तर पुसू. कोणाला द्यायच्यात तुम्हाला?'

काम तिच्याकडे गेलं. सगळ्या घरांतून वस्तू पुन्हा गोळा झाल्या. माझं वाचन मी आपल्याच घरी खिडक्या लावून ध्वनिमुद्रित केलं, तरी तांब्याच्या भांड्यांचं वर्णन करताना पाठीमागे भंगारवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू येते. सून म्हणाली, 'राहू दे काकू, शोभतंय.'

वस्तूंचे फोटो चारही बाजूंनी काढायचे ठरल्यावर तुमच्या आजोबांना चेव आला. आपलं तपेलं वर्षानुवर्षं कोपऱ्यात, त्यात गोधड्या आणि दिवाळीचे कंदील. एका बाजूला चेंबलेलं आहे म्हणून ती बाजू सासूबाईंच्या काळापासून भिंतीकडे. बाहेरून काजळीचा थर. पहिल्या प्रदर्शनातही ते तसंच भिंतीला टेकवून, पुढे झेंडूची माळ घालून ठेवलं होतं. या वेळी आजोबांनी ते बाजारातल्या कारागिराकडे नेलं आणि बाहेरून आरशासारखं घासून आणलं. माझ्या चष्म्यावर त्याची तिरीप येत होती. वाचनालयाच्या दालनात ते मधोमध ठेवलं आणि सून हातात कॅमेरा घेऊन त्याच्याभोवती हळूहळू फिरू लागली. आजोबा म्हणाले, 'ही खरी प्रदक्षिणा.'

पडद्याची चाचणी झाली तेव्हा आम्ही पाचच जण होतो. अध्यक्ष, खजिनदार, सून, आजोबा आणि मी. सुनेने सांगितलं, आधी तुम्ही खेळून बघा. खजिनदारांनी मोठ्या उत्साहाने आपल्या घरचं पितळी फुलपात्र निवडलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं. तुमच्या पिढीत कुणी भांड्यावर नाव घालत नाही. आमच्याकडे दुकानातून भांडं घरी यायच्या आधी त्यावर नाव पडायचं. खजिनदारांच्या फुलपात्रावर अध्यक्षांच्या आईचं नाव होतं.

'हे आमचं आहे!' अध्यक्ष म्हणाले.

'असेल. तुमच्या मुंजीत आलं असेल आमच्याकडे.'

'मुंजीला लोक भांडी देतात. घेऊन जात नाहीत.'

'तुमची परात काढा बघू,' खजिनदार म्हणाले. 'काढाच.'

परात काढली, फिरवली. मागच्या बाजूला खजिनदारांच्या आत्याचं नाव, लग्नाच्या तिथीसकट.

त्यानंतर कुणाला थांबवत नव्हतं. आम्ही एकेक वस्तू उलटीपालटी करत गेलो आणि कर्जतमधल्या निम्म्या प्रतिष्ठित घरांचा वारसा दुसऱ्या निम्म्या घरांचा निघाला. यात चोरी कुणाचीच नाही, हे तुम्हाला समजायला हवं. आमच्यात भांडं शेजाऱ्याला रिकामं परत करायचं नसतं. कुणी वाटीभर खीर पाठवली की वाटीत काहीतरी घालूनच परत पाठवायची. आज घरात काही गोडधोड नाही, उद्या बघू, चकल्या झाल्या की देऊ, असं करता करता वाटी फडताळात मुरते. खीर पाठवणारी जाते, खाणारी जाते, वाटी आपल्या घरची होऊन बसते. मग एक दिवस तिला क्रमांक मिळतो आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी.

सगळ्यात मोठ्याने तुमचे आजोबा हसत होते. डोळे पुसत म्हणाले, 'बरं झालं, आमच्याकडची वस्तू राजाकडून आली. शेजाऱ्यांकडून नाही.' आणि क्रमांक एक त्यांनी स्वतःच्या बोटाने फिरवला.

तपेलं सुरेख फिरलं. चेंबलेली बाजू पुढे आली. सुनेने दोन बोटांनी ती मोठी केली. काजळीखाली इतकी वर्षं जे दबलं होतं आणि घासल्यावरही चकाकीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते ठिपक्यांनी नीट लिहिलेलं होतं, 'समस्त ग्रामस्थ', आणि पुढे कडावच्या अलीकडच्या एका गावाचं नाव. गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिथे आता आपलं जाणं-येणं आहे.

गावकीची भांडी म्हणजे काय ते सांगते. लग्नकार्याला, उत्सवाला लागणारी मोठी भांडी गावाने वर्गणी काढून घ्यायची आणि देवळात ठेवायची. ज्याच्याकडे कार्य त्याने न्यायची, घासून परत आणून ठेवायची. ती कुणा एकाची नसतात.

मग खजिनदार म्हणाले, 'वकीलसाहेबांनी खटल्यात गावच जिंकलं वाटतं.'

घरी आल्यावर आजोबांच्या एकामागून एक शक्यता निघू लागल्या. संस्थानिकाने ते गावाकडून विकत घेतलं असेल. गावाने संस्थानिकाला भेट दिलं असेल. मी म्हटलं, 'आणि त्याने ते माथेरानवर डोक्यावर वाहून नेलं असेल.' दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला फोन लावला.

'ते अर्धंच फिरेल असं करता येईल का?'

'येईल, काका. पण अर्धं फिरून अडकलं की लोकांना वाटेल मशीन बिघडलंय.'

'वाटू दे. सांगू बिघडलंय.'

इथवर मी हसत होते. पण त्यांची बाजू लिहायचं कबूल केलं आहे, तर ती अशी. त्यांच्या वडिलांच्या हातून घरातलं सगळं गेलं. शेत गेलं, चांदी गेली, वकीलसाहेबांची पुस्तकंसुद्धा गेली. उरलं ते हे तपेलं आणि त्याची कथा. पोरवयात, मित्रांच्या घरी काय काय आहे ते बघून आल्यावर, ते या तपेल्याशेजारी बसायचे. हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, इतक्या वर्षांच्या संसारानंतर. आणि उद्घाटनाला वस्तू देणाऱ्या कुटुंबांच्या वतीने बोलायचं होतं ते त्यांनीच. भाषण लिहून तयार होतं. पहिलं वाक्य संस्थानिकापासून सुरू होत होतं.

मी सुनेला सांगितलं, ते म्हणतात तसं कर. ती म्हणाली, 'करते, पण दोन दिवस लागतील. हातात दुसरं काम आहे.'

त्या दोन दिवसांतच गावोगावच्या महिला बचत गटांना आठवणी सांगायला बोलावलं होतं. लाल बटणाची पेटी उद्घाटनाला रिकामी दिसू नये म्हणून. पहिल्या आजींनी जात्यावर बोलायला सुरुवात केली आणि स्वतःच्या सुनेच्या तक्रारीवर संपवलं. एका बाईंनी बटण दाबून नळाला पाणी कधी येणार ते विचारलं. दुपारी एका टेंपोतून चौघीजणी उतरल्या. त्यांची प्रमुख पन्नाशीची, चष्म्याला दोरी लावलेली, हातात गटाची फाईल. आजोबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी पडद्यावर क्रमांक एकला बोट लावलं, गर्रकन फिरवलं आणि थांबवलं.

'अगं ए, इकडं या गं! हा बघा आपला टोप!'

चौघी पडद्याला चिकटल्या.

'कुणाच्या घरी हाय हा, काकू?' त्यांनी मला विचारलं.

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं. शेवटी पानाआडून आवाज आला, 'आमच्या.'

'तुमी वकिलांचे का?'

'नातू.'

'मग बरोबर. आमचे सासरे सांगायचे, वकिलाच्या पोराच्या लग्नाला टोप गेला तो गेलाच. गावातनं मानसं यायची न्यायला. दर खेपेला जेवून परत.'

वर्तमानपत्र खाली आलं. 'परत का?'

'तुमच्या आजी म्हनायच्या म्हनं, रिकामा कसा देऊ? भरून पाठवते. आता एवढा टोप भरायचा म्हंजे काय खायचं काम हाय काय, काका? राहिलं असंल.'

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. 'तुम्ही आता... म्हणजे, तुमचं काय म्हणणं आहे?'

'आमी भांडायला नाय आलो. आठवन सांगायला बोलावलंय ना? तीच सांगतो. कुठलं बटन गं, हे लाल?'

त्यांनी बटण दाबलं आणि आजोबांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. टोप कसा गेला, माणसं कशी जेवून आली, हल्ली उत्सवाला मंडपवाल्याकडून अॅल्युमिनियमचा टोप भाड्याने आणतात आणि त्यात भात कसा करपतो. सांगून झाल्यावर विचारलं, 'रेकॉर्ड झालं ना? का परत सांगू?' मग टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला म्हणून गेल्या.

आजोबा उठून पडद्यापाशी आले.

'हे पुसता येतं का?'

'येतं,' सून म्हणाली. 'पुसू?'

त्यांनी तपेलं एकदा सबंध फिरवलं. मग म्हणाले, 'राहू दे. आणि ते अर्ध्याचंही राहू दे.'

रिक्षात बसल्यावर म्हणाले, 'आजीला भरून द्यायचं होतं.'

'हो ना. काय भरावं याचा विचार चालला होता इतकी वर्षं.'

ते हसले. चाचणीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

उद्घाटनाला त्यांनी भाषणाचा कागद खिशातून काढलाच नाही. उभे राहिले आणि म्हणाले, 'क्रमांक एकची वस्तू आमची नाही. वकीलसाहेबांनी ती लग्नाला मागून आणली होती. या आठवड्यात ती मालकांकडे जाईल. पडद्यावर फिरवायची असेल त्याने पूर्ण फिरवावी.' आणि बसले. प्रमुख पाहुणे तेवढा वेळ फोन बघत होते. त्यांनी अर्धवट ऐकलं आणि आपल्या भाषणात आजोबांच्या दानशूरपणाचं तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या पडल्या. आजोबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग प्रश्न आला, रिकामं कसं द्यायचं? या घराण्यात हा प्रश्न आधीही पडला होता, म्हणून मी तो लांबू दिला नाही. खजिनदारांच्या दुकानातून तांदळाचं पोतं आणलं, तपेल्यात उभं केलं आणि टेंपो बोलावला. भाताच्या शेतांमधून आम्ही तांदूळ घेऊन चाललो आहोत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कडावचा रस्ता लागला होता.

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. बाईंनी पोतं बघितलं. 'आमाला तांदूळ आनलात, काका? आनि दुकानातला?' तरी शाल आणि नारळ आधीच आणून ठेवले होते. म्हणजे आजोबांच्या आजोबांनी जे परत केलं नाही ते परत केल्याबद्दल आजोबांचा सत्कार झाला. ते शाल पांघरून उन्हात बसले. बायकांनी तपेलं आतून धुवायला घेतलं, त्यात दोन हंडे पाणी ओतलं आणि चेंबलेल्या बाजूने बारीक धार लागली.

'अगं बया! एवढी वर्सं तुमच्याकडं, गळतीला एक डाग नाय दिलात?'

'आम्ही त्यात कधी पाणी घातलं नाही,' आजोबा म्हणाले.

'मग काय घालायचात?'

'गोधड्या.'

गाव हसलं. आजोबा ताडकन उठले, शाल खुर्चीवर टाकली. 'टेंपोत चढवा. कर्जतला नेतो, डाग देऊन संध्याकाळच्या आत परत आणतो.'

हसणं थांबलं. कुणी तपेल्याला हात लावला नाही. एक म्हातारे गृहस्थ जमिनीकडे बघत म्हणाले, 'नको.'

'अहो, संध्याकाळच्या आत आणतो म्हणतोय ना मी!'

'काका, राग नका मानू,' बाई म्हणाल्या. 'पन टोप आता गावाबाहेर जायचा नाय. तुमी कारागीर हितं आना.'

मला वाटलं, आता हे चिडून घरी चला म्हणणार. ते टेंपोत बसले, एकटेच गेले आणि तासाभराने बाजारातल्या त्या कारागिराला त्याच्या भात्यासकट घेऊन आले. त्याने डाग दिला, आतून कल्हईही केली. तो काम करत असताना तपेलं तिरकं धरून आजोबा उभे होते. शर्टाला काजळी, कपाळाला काजळी. पुन्हा पाणी ओतलं तेव्हा ते गुडघे टेकून खालून बघत राहिले. थेंब आला नाही.

भात त्याच दिवशी लावला, आम्ही नेलेल्या तांदळाचाच. शिजेपर्यंत आजोबा चुलीपासून हलले नाहीत. जेवायला बसलो तर भात खालून थोडा लागला होता.

'अॅल्युमिनियम असतं तर सगळाच करपला असता,' ते म्हणाले.

'टोपाचा दोस नाय, काका,' बाई वाढता वाढता म्हणाल्या. 'तुमी मधी मधी झाकन काढत होतात.'